एकट्यासाठी गरम, तिखट-मिठाचा नाश्ता : पोहे कमी, उसळ जास्त

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नाशकात पाथर्डी फाट्याला खोली घेऊन एकटा राहतोस, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पहिली शिफ्ट, साडेसहाला घर सोडावं लागतं. हाताशी एक गॅस, छोटा फ्रिज आणि मिक्सर. संध्याकाळी व्यायामाला जातोस, तिथल्या ट्रेनरने सकाळचं प्रोटीन वाढवायला सांगितलंय. दूध-ओट्स, केळ्याचा शेक असलं गोड सकाळी घशाखाली उतरत नाही. गरमच हवं आणि तिखट-मिठाचंच हवं. अंडी चालतात, पण रोज नुसती उकडलेली खाऊन जीव विटलाय. पंधरा मिनिटांच्या वर वेळ नाही. वजन 64 किलो. आणि शेवटी विचारलंयस, रविवारची मिसळ सोडावी लागेल का. मला ताई म्हणून लिहिलंयस, तेव्हा मीही अरे-तुरेच करते.

मी नाशकात 21 वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय. त्यातली बरीच वर्षं सातपूर-अंबडच्या कामगारांसोबत गेली, त्यामुळे सकाळी सहा वाजता एकट्या माणसाची काय धांदल असते ते मला चांगलं ठाऊक आहे. तुला नवे पदार्थ शिकायची फारशी गरज नाही. आपल्या नाश्त्यात प्रोटीन आधीपासून आहे, फक्त ते ताटाच्या कडेला बसलंय. मिसळीत पाव तीन आणि मटकी चार चमचे. पोह्यांत पोहे डोंगराएवढे आणि दाणे मोजून दहा. पिठलं वाटीभर आणि भाकऱ्या दोन. हे प्रमाण उलटं करायचं. डाळ, कडधान्य, अंडं, पनीर हे मधोमध, आणि पोहे-पाव-भाकरी तोंडी लावण्यापुरती. बाकी मी जे लिहिणार आहे ते सगळं या एकाच गोष्टीचा विस्तार आहे.

आधी आकडे बघू, म्हणजे अंदाज येईल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं. तुझ्या 64 किलोला ते 53 ग्रॅम झालं. वजनं उचलणाऱ्याला मी 1.2 ते 1.5 पर्यंत नेते, म्हणजे तुला 77 ते 96 ग्रॅम. हे तीन-चार वेळच्या खाण्यात वाटायचं असेल, तर सकाळी 20 ते 25 ग्रॅम पोटात गेले पाहिजेत. आता तुझे सध्याचे पोहे घे. 60 ग्रॅम कोरड्या पोह्यांत चार-साडेचार ग्रॅम, वर 15 ग्रॅम दाणे टाकलेस तर आणखी पावणेचार. झाले आठ-सव्वाआठ. उपम्याचा 50 ग्रॅम रवा पाच-साडेपाच ग्रॅम देतो. चहा-पाव खाऊन निघालास तर दोन पावांचे सहाएक ग्रॅम. साडेदहाला पोटात खड्डा पडतो आणि टपरीवरचा वडापाव दिसायला लागतो, त्याला हे एक मोठं कारण आहे.

पहिला आठवडाभर एक छोटा वजनकाटा वापर. नंतर लागणार नाही, कारण तुझीच वाटी आणि तुझीच मूठ तुला कळायला लागेल. लक्षात ठेवायला सोपं असं सांगते: एक अंडं 6 ग्रॅम, मुठीएवढी, म्हणजे 50 ग्रॅम कोरडी मूगडाळ 12, तेवढंच बेसन 11, तेवढीच कोरडी मटकी 10 ते 11, 100 ग्रॅम पनीर 18, 30 ग्रॅम सोया 15 ते 16, लहान वाटीभर, म्हणजे 100 ग्रॅम दही तीन-साडेतीन. यातलं कुठलंही एकटं 20 पर्यंत सहज नेत नाही, दोन एकत्र आले की नेतात. म्हणून मी नेहमी जोडीचा विचार करायला सांगते. मटकी आणि अंडं. मूगडाळ आणि पनीर. बेसन आणि अंडं. पोहे आणि सोया.

यातली मटकी आणि अंड्याची जोडी मला स्वतःला सगळ्यात जवळची. नाशिकच्या माणसाला काळ्या मसाल्याचा रस्सा सकाळी सकाळी लागतोच, मग तोच पाया धरायचा. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी 120 ग्रॅम मटकी भिजत घाल, तीन दिवसांचं काम होईल. सकाळी भिजवलीस तर संध्याकाळी पाणी काढून, स्वच्छ धुऊन, ओल्या पातळ फडक्यात सैल बांधून ठेवायची. इथे नाशिकची हवा मध्ये येते. मे महिन्यात रात्रभरात मोड अर्धा बोट होतात. तास-दोन तास जास्त राहिली की फडकं चिकट लागतं, आंबूस वास सुटतो. माझी स्वतःची मटकी अशी एकदा नव्हे, अनेकदा गेलीय आणि ती फेकूनच द्यावी लागते. वास आलेली मटकी धुऊन वापरायची नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्रीचा पारा एक आकड्यावर आला की दोन दोन दिवस मोड यायचं नाव नाही. तेव्हा भिजवायलाच कोमट पाणी घे आणि फडक्यातली पुरचुंडी पोळ्यांच्या डब्यात, म्हणजे झाकणाच्या कॅसेरोलमध्ये, बंद करून ठेव. डबा आधी गरम पाण्याने विसळून घेतलास तर आणखी चांगलं. सकाळी उघडशील तेव्हा पांढरे टोकदार मोड दिसतील. तेवढे पुरे, लांब शेपट्या आणायच्या भानगडीत पडू नकोस.

मोडांबद्दल एक गैरसमज रोज ऐकते, तो इथेच काढते. मोड आणल्याने प्रोटीन वाढत नाही. 40 ग्रॅम कोरड्या मटकीत जेवढं होतं तेवढंच मोड आल्यावर राहतं, उलट पाणी पिऊन ती फुगल्यामुळे वाटीमागे कमी दिसतं. मोडांचा फायदा वेगळा आहे: क जीवनसत्त्व वाढतं, पचायला हलकं होतं, आणि एकट्या माणसासाठी सगळ्यात मोलाचं म्हणजे शिजायला दहाच मिनिटं लागतात, कुकर काढावा लागत नाही. पण वाटीभर मोड खाल्ले म्हणजे भरपूर प्रोटीन झालं असं समजू नकोस. मोजायचं ते भिजवण्याआधी.

आता उसळ. कढईत दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, मग बारीक चिरलेला कांदा. कांदा कडेने तांबूस झाला की हळद, आल्या-लसणाचं वाटण, दीड चमचा काळा मसाला. मसाला पडताच गॅस अगदी बारीक कर, नाहीतर करपतो आणि सगळी उसळ कडवट होते. लगेच मटकी टाकून दोन मिनिटं परत. मग झाकण ठेवायचं ते ताटलीचं, आणि ताटलीत पाणी ओतायचं. हे आपल्या आज्या करायच्या ते उगाच नाही. आत वाफ धरून मटकी खाली लागत नाही, आणि वरचं पाणी आपोआप तापतं, तेच गरम पाणी रश्शाला वापरायचं. थंड पाणी ओतलं की उसळीचा दाणा आकसतो, मग कितीही शिजव, तो दाताखाली कचकच करतो. सात-आठ मिनिटांनी एक दाणा बोटात दाबून बघ. सहज चेपला पाहिजे, पण त्याचं पीठ होता कामा नये. मीठ आणि एवढासा गूळ शेवटी. निवली की तीन डब्यांत वाटून फ्रिजमध्ये. तीन दिवस चांगली राहते. चौथ्या दिवसावर नेऊ नकोस.

सकाळचं काम यापुढे सात मिनिटांचं. छोट्या कढईत एक डबा उसळ, अर्धी वाटी पाणी, खळखळून उकळू दे. मग गॅस मंद करून पळीच्या पाठीने उसळीत दोन खळगे कर आणि प्रत्येकात एक अंडं फोड. अंडं थेट कढईत न फोडता आधी वाटीत फोडून मग ओत. खराब निघालं तर सगळी उसळ वाचते. वरून चिमूटभर मीठ, झाकण, आणि चार मिनिटं हात लावायचा नाही. झाकण काढशील तेव्हा पांढरं घट्ट झालेलं असेल आणि पिवळ्यावर दुधट साय धरल्यासारखी दिसेल. तिथे उतरवलंस तर बलक मऊ राहतो आणि रश्श्यात मिसळून रस्सा दाट होतो. पावसाळ्यात किंवा अंडी ताजी आहेत याची खात्री नसेल तर आणखी दोन मिनिटं ठेवून बलक पूर्ण शिजव. वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. मटकीचे आठ-नऊ, दोन अंड्यांचे बारा, सोबत एक पाव किंवा अर्धी भाकरी. 23-24 ग्रॅम झाले. लिंबू विसरू नकोस, मटकीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. आणि त्याच कारणासाठी चहा नाश्त्यासोबत नको, तासभराने कंपनीत घे. चहा सोबत घेतला की लोह नीट शोषलं जात नाही.

ज्या दिवशी अंडं नको असेल त्या दिवसासाठी मूगडाळीचं धिरडं. रात्री झोपताना 60 ग्रॅम मूगडाळ भिजत घालायची. सालाची असेल तर उत्तम, चव जास्त येते. सकाळी पाणी ओतून टाक. त्याच पाण्यात वाटलीस तर गॅस होतो अशी तक्रार करशील. आलं, दोन हिरव्या मिरच्या, जिरं, मीठ घालून मिक्सरला फिरव. पाणी दोन-तीन चमच्यांच्या वर नको. इथेच बहुतेकांचं चुकतं: डोश्यासारखं सैल पीठ करतात आणि मग धिरडं तव्याला चिकटतं, उलटताना त्याच्या चिंध्या होतात. मूगडाळीच्या पिठाला उडदाची पकड नसते. पीठ पळीतून सलग धारेने न पडता गोळ्या-गोळ्याने पडलं पाहिजे. तवा मध्यम तापव, पाण्याचा हबका मारला की थेंब नाचले पाहिजेत. मग कांद्याच्या अर्ध्या फोडीने तेल पुसून घे. पीठ मधोमध ओतून पळीनेच गोल फिरवत पसर, पण हात हलका ठेव. कडा सुटून वर वळायला लागल्या की समजायचं खालून झालं. त्याआधी उलथनं लावायची घाई केलीस की मोडलंच. वरच्या बाजूवर 40 ग्रॅम पनीर किसून टाक, थोडी कोथिंबीर, घडी घाल, उलथन्याने दाबून अर्धं मिनिट. या डाळीत दोन धिरडी होतात. डाळीचे 14, पनीरचे सात, सोबत वाटीभर दही घेतलंस तर 24 च्या पुढे. पनीर घरात नसेल तर दह्याची वाटी मोठी घे आणि दुपारच्या डब्यात दोन अंडी ठेव, हिशोब दिवसभराचा असतो.

दोन दिवसांचं पीठ एकदम वाटून ठेवायचा मोह होईल. एका दिवसाचं जास्तीचं चालेल, फ्रिजमध्ये घट्ट झाकून. त्यापुढे ते आंबट व्हायला लागतं आणि धिरडं कडेने रबरासारखं होतं. मीठ घालून ठेवलंस तर आणखी लवकर, म्हणून मीठ सकाळी घाल.

डाळ भिजवायला विसरलास (आणि तिसऱ्या शिफ्टचं काम अंगावर पडलं की विसरणारच), तर बेसनाचं धिरडं आहेच. 40 ग्रॅम बेसन, दोन अंडी, कांदा, टोमॅटो, मेथी किंवा कोथिंबीर मूठभर, ओवा, तिखट, मीठ. बेसनाला आधी थोड्या पाण्यात गुठळी न राहता कालवून घे आणि अंडी नंतर फोड. उलटं केलंस तर गुठळ्या अंड्यात लपून बसतात आणि खाताना कच्चं पीठ तोंडात येतं. झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजू भाज, बेसन कच्चं राहिलं की पोट धरतं. आठ मिनिटांत 21 ग्रॅम. मेथी-कोथिंबीर आपल्याकडून रोज मुंबईला जाते आणि इथल्या माणसाच्या नाश्त्यात मात्र नावालाच दिसते, हे मला मनापासून खटकतं. संध्याकाळी येताना जुडी घे, निवडून कोरडी कर, कागदात गुंडाळून डब्यात ठेव. चार सकाळी निघतात.

पनीर भुर्जी आणि अंडा भुर्जी तुला येतच असणार, त्यावर फार लिहीत नाही. एवढंच, की टोमॅटोचं पाणी पूर्ण आटल्यावरच पनीर घाल आणि दोन मिनिटांत उतरव, जास्त परतलं की ते चामट होतं. 100 ग्रॅम पनीर आणि एक पोळी, 22 ग्रॅम.

पोह्यांवर तुझा जीव आहे असं लिहिलंयस, ते सोडायला मी सांगणार नाही. पोहे 40 ग्रॅमवर आण आणि त्यात 25 ग्रॅम सोया ग्रॅन्युल घाल. मोठ्या वड्या नको, बारीक खिम्यासारखी मिळते ती. उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून ती पाच मिनिटं ठेव, मग गार पाण्यात घालून दोन-तीनदा घट्ट पिळ. सोयाचा तो कच्चट वास पिळण्यातच जातो. पिळलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळत राहायचं. फोडणीत कांद्याबरोबर सोया आधी चांगली परत, कडा कुरकुरीत होऊ देत, मग भिजवलेले पोहे. सोयाचे 13, पोह्यांचे तीन, 15 ग्रॅम दाण्यांचे पावणेचार, जवळपास 20. बऱ्याच जणांना सोया नुसती आवडत नाही, पण पोह्यांत ती लिंबू-कोथिंबिरीखाली छान मुरते. सातपूरच्या एका कॅन्टीनचा मेनू लावून देत होते तेव्हा मी वेगळीच वाट धरली होती: पोह्यांवर पळीभर मटकीची उसळ. नागपूरकडे चण्याची तर्री घालून पोहे खातातच. पहिल्या आठवड्यात लोक नाक मुरडत होते, तिसऱ्या आठवड्यात उसळ आधी संपायला लागली आणि पोहे उरायला लागले. तुझ्याकडे उसळीचा डबा तयार असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे.

रात्रीचं उरलेलं वरण किंवा आमटी ही तर एकट्या माणसाची ठेव. रात्री करतानाच वाटीभर जास्त कर, घट्ट ठेव. सकाळी छोट्या कढईत लसूण-जिरं-लाल मिरचीची फोडणी, त्यात वरण, उकळी आली की दोन अंडी फोडून तसंच झाकण. वाटीभर घट्ट वरणात 35 ग्रॅम डाळ असते, तिचे साडेसात आणि अंड्यांचे बारा. भाताशी नको, भाकरीचा तुकडा घे. तुझ्या शेजारी कुणी खानदेशातलं राहत असेल तर कळण्याच्या भाकरीचं पीठ विचार. ज्वारीत उडीद घालून दळलेलं असतं, ज्वारीपेक्षा प्रोटीन जास्त आणि चवीला दमदार. त्याच घरात फुणकेही होत असतील: भिजवलेली डाळ जाडसर वाटून, कांदा-मेथी-मिरची घालून मुटके वाफवायचे आणि गरम कढीबरोबर खायचे. रविवारी वाफवून ठेवलेले फुणके तीन दिवस टिकतात, सकाळी कापून थोड्या तेलावर परतायचे. तुझ्या पंधरा मिनिटांत हे चपखल बसतं.

पिठल्याचा हिशोब मात्र आवर्जून बघ, कारण भाकरी-पिठलं खाल्लं म्हणजे झालं असं आपण धरून चालतो. 45 ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात दहाएक ग्रॅम, एका ज्वारीच्या भाकरीत सहा. सोबत दीड वाटी दही घेतलंस तरच 20 ला पोचतं. ज्वारीचं प्रोटीन आणि बेसनाचं प्रोटीन एकमेकांची उणीव भरून काढतात. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यांपैकी धान्यात लायसिन कमी, डाळीत मिथिओनिन कमी. म्हणून दोन्ही असावीत, पण ती एकाच घासात असायला हवीत असं नाही, दिवसभरात आली तरी चालतात.

आता फसवणाऱ्या गोष्टी. शेंगदाणे पहिले. 30 ग्रॅम दाण्यांत साडेसात ग्रॅम प्रोटीन, पण 170 च्या आसपास कॅलरी, कारण दाण्यात निम्मं तेल असतं. चवीला, कुटाला जरूर घे, पण प्रोटीनचा भार दाण्यांवर टाकू नकोस. मसाला ओट्सचं पाकीट दुसरं: 40 ग्रॅम ओट्सना पाच ग्रॅम. ते खायचंच असेल तर त्यात एक अंडं फेटून घाल आणि मूठभर वाफवलेले मूग, मग जरा अर्थ येतो. तपकिरी ब्रेडचं तसंच, रंग बदलला म्हणून प्रोटीन वाढत नाही. आणि साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही, खिचडीत जे काही असतं ते कुटाचं. चतुर्थी किंवा सोमवार धरत असशील तर साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी कर, आणि बाजूला जिरं-मिरची-सैंधवावर तुपात परतलेलं 80 ग्रॅम पनीर. पनीर उपासाला चालतं की नाही हे तुझ्या घरची रीत बघून ठरव. चालत नसेल तर दही मोठी वाटीभर आणि ताक.

आणखी एक: व्यायामाच्या ठिकाणी कुणी कच्ची अंडी गिळायला सांगितलं तर ऐकू नकोस. कच्च्या अंड्यातलं प्रोटीन साधारण निम्मंच पचतं, शिजवलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास. जंतूंचा धोका वेगळाच. पिवळं फेकून देऊन नुसतं पांढरं खायचीही तुला गरज नाही. तुझ्यासारख्या निरोगी माणसाला दोन अख्खी अंडी रोज चालतात, आणि अंड्यातलं निम्म्याच्या जवळपास प्रोटीन त्या बलकात असतं.

भांड्यांचं सांगते, कारण एकट्याचा स्वयंपाक बिघडतो तो भांड्यांनी. तुझ्याकडे घरून आलेली मोठी कढई असणार. तिच्यात एका माणसाची फोडणी पसरते आणि जळते, दोन अंडी चपटी होऊन कोरडी पडतात. वीतभर व्यासाची, जाड बुडाची, झाकणाची एक कढई घे. उसळ, वरण, भुर्जी सगळं त्यातच. धिरड्यासाठी तुझा पोळीचा लोखंडी तवा चालतो, पण तो पोळ्यांमुळे कोरडा झालेला असतो. रात्री तेल चोळून ठेव, सकाळी धिरडं सुटतं. आणि कांदा रोज चिरत बसू नकोस, तीन दिवसांचा एकदम चिरून तेलावर मऊ परतून डब्यात ठेव. तेवढ्याने सकाळची पाच मिनिटं वाचतात.

तब्येतीबद्दल दोन गोष्टी, तुला त्रास नसला तरी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन आपल्या मनाने वाढवायचं नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी पाण्यासोबत घेऊन अर्धा ते एक तासाने नाश्ता करायचा, आणि सोया त्या गोळीपासून आणखी लांब ठेवायची, कारण ती गोळीच्या शोषणात आड येते. आणि एकदम आठवडाभर रोज कडधान्यं सुरू केलीस तर पोट फुगेल. पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड उसळ, मधल्या दिवशी अंडी-बेसन, पाणी जास्त, फोडणीत हिंग-ओवा सढळ. पोटाला सवय लागते.

रविवारची मिसळ खा, बिनधास्त खा. फक्त काउंटरवर एक एक्स्ट्रा उसळ सांग, एक्स्ट्रा पाव नको. नाशकात मिसळीसोबत पापड आणि दही येतं. दही संपव, पापड हवा तर मित्राला दे. फरसाण वाटीत वेगळं मागून घे आणि वरून लागेल तेवढंच टाक. रस्सा कितीही घे, त्यावरची तर्री चमच्याने थोडी बाजूला सार. एवढ्याने त्या ताटात 15-16 ग्रॅम होतात, आणि बाकीचं दुपारी घरी वरण-भाताऐवजी अंडाकरी करून भरून काढ. येता येता पाव किलो मटकी घे. संध्याकाळी कोमट पाण्यात भिजवलीस, झोपताना बांधलीस, तर थंडीच्या दिवसांत सोमवारी रात्री उसळ टाकता येईल आणि मंगळवारी सकाळी अंडी फोडायला डबा तयार असेल.